गाडीचं एव्हरेज नको, टनामागे डिझेल मोजा: माणकोली ते मालाड, तीस दिवसांची वही

गायमुखकर

नमस्कार मंडळी. मी माणकोली नाक्याजवळच्या एका गोदामात डिस्पॅच बघतो, सोळा वर्षं झाली. आमच्या चौदा फुटी आयशर रोज मुंबईत माल उतरवून येतात: मालाड, गोरेगाव, अंधेरी, कधी कुर्ला. गेल्या महिन्यात माझ्या हातून एका ड्रायव्हरवर अन्याय झाला. हा धागा त्यातूनच काढतोय.

आमच्या धंद्यात ड्रायव्हरची पारख एकाच आकड्यावर होते, एव्हरेज. लिटरला किती किलोमीटर. एव्हरेज चांगलं असेल तर बक्षीस, कमी असेल तर बोलणी, आणि डिझेलचोरीचा पहिला संशयही त्याच्यावरच. मालाडच्या लाइनवर आमचे दोघे आहेत. त्यांना इथे थोरला आणि धाकटा म्हणतो. थोरल्याचं एव्हरेज ६.८, धाकट्याचं ६.१. धाकट्याला मी चारचौघांत बोललो. त्याने उलट उत्तर दिलं नाही. खिशातून बिल्ट्यांचा, म्हणजे मालाच्या पावत्यांचा, गठ्ठा काढला आणि टेबलावर ठेवला. सगळ्या येतानाच्या बिल्ट्या. मालाडला माल उतरवला की दुकानदारांकडचा परतीचा माल, रिकामे क्रेट, पुठ्ठ्याचे गठ्ठे, जे मिळेल ते भरून तो आणत होता. थोरला रिकामा परत येत होता. भरलेली गाडी डिझेल जास्त पिणारच.

रात्री घरी हिशोब मांडला. माणकोलीहून माजिवडा, घोडबंदर रोड, फाउंटन हॉटेलचा नाका, दहिसर करत मालाडचं आमचं गोदाम ४६ किलोमीटर. जाऊन-येऊन ९२. थोरल्याला लागलं साडेतेरा लिटर. एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे ३६ किलो. त्याने नेला ३.१ टन माल, ४६ किलोमीटर. वजन गुणिले अंतर, म्हणजे टन-किलोमीटर, झाले १४३. दर टन-किलोमीटरमागे २५० ग्रॅमच्या वर. धाकट्याला लागलं १५ लिटर, ४० किलो. पण त्याने जाताना ३.१ टन नेला आणि येताना २.४ टन आणला. टन-किलोमीटर २५३. दर टन-किलोमीटरमागे १६० ग्रॅमसुद्धा नाही.

ज्याला मी बोललो तो माणूस तेवढ्याच कामाला पावणेदोनशे ग्रॅमच्या आत राहत होता आणि ज्याला बक्षीस दिलं तो अडीचशेच्या वर. दुसऱ्या दिवशी धाकट्याची सगळ्यांसमोर माफी मागितली.

तेव्हापासून तीस दिवस प्रत्येक गाडीत एक वही ठेवली. भरलेले किलोमीटर, रिकामे किलोमीटर, काट्यावरचं वजन, भरलेलं डिझेल, आणि एक नवा रकाना: गाडी चालू ठेवून उभी किती वेळ. त्या शेवटच्या रकान्यासाठी एक प्रयोगही केला. रविवारी गोदामाच्या आवारात एक आयशर सपाट जागी लावली, टाकी गळ्यापर्यंत भरली, इंजिन चालू करून बरोबर एक तास उभी ठेवली. मग मापाच्या डब्याने परत गळ्यापर्यंत भरली. ९५० मिली बसलं. लिटरला थोडंच कमी, आणि चाक एकदाही फिरलं नाही.

तीस दिवसांत मालाड लाइनच्या गाड्या फेरीला सरासरी दोन तास चालू इंजिनवर उभ्या होत्या. म्हणजे साडेतेरातलं जवळपास दोन लिटर गायमुखच्या घाटात, फाउंटनला आणि दुकानासमोर जागा मिळेपर्यंत गेलं.

मला विचारायचंय ते असं. आपल्या भागातल्या रस्त्यावरच्या वाहतुकीची कार्यक्षमता आणि तिचा हवेवरचा परिणाम खरोखर मोजायचा, तर काय काय मोजायला हवं? माझ्या वहीत काय राहून गेलंय? जाणकारांनी सांगा.

बारा_टायर

दादा, मनापासून लिहिलंत. माझे कळंबोलीला तीन ट्रेलर आहेत, न्हावाशेवा ते भिवंडी कंटेनर ओढतो. तुमच्या पद्धतीने मीही गणित केलं. एक फेरी जाऊन-येऊन ११६ किलोमीटर, शिळफाटा आणि मुंब्रा बायपास करत. भरलेला २२ टन, येताना रिकामा डबा यार्डात परत. एकूण ४० लिटर. १०७ किलो कार्बन डायऑक्साइड. टन-किलोमीटर फक्त जातानाचे धरले तर ८४ ग्रॅम. तुमच्या आयशरच्या एक तृतीयांश. मोठ्या गाडीचा फायदा इथे दिसतो.

पण एक अडचण आहे. येताना माझ्या ट्रेलरवर चार टनांच्या आसपासचा रिकामा डबा असतो. तो माल धरायचा का? धरला तर माझा आकडा छान दिसतो. मला विचाराल तर धरू नये. रिकामा डबा कुणाच्या पोटात जात नाही, कुणाच्या दुकानात लागत नाही.

दुसरं म्हणजे उभं राहणं. एका यार्डाबाहेर परवा रात्री दहा ते पहाटे चार लाइनीत होतो. लाइन दर दहा मिनिटांनी एक गाडी पुढे सरकते, म्हणून इंजिन बंदही करता येत नाही. त्या सहा तासांचा धूर कुणाच्या नावावर मांडायचा? माझ्या? मी तर उभा होतो. ज्याने लाइन लावली त्याच्या नावावर मांडणारा रकाना वहीत हवा.

सुप्रिया_ऐरोली

+१. ‘कुणाच्या नावावर’ हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे.

मधुरा_भांडुप

मी पर्यावरण अभियंता आहे, उत्सर्जनाच्या नोंदी तपासण्याचं काम करते. गायमुखकर, तुम्ही वहीत जे केलंत त्याच्या जवळपास जाणारं आंतरराष्ट्रीय मानक २०२३ साली आलं, आयएसओ १४०८३. वाहतूक साखळीतली हरितगृह वायूंची मोजणी कशी करायची, हा त्याचा विषय. रिकाम्या फेऱ्या हिशोबात घ्याव्याच लागतात, हे त्यात स्पष्ट आहे. डिझेल जळतं तेव्हाचाच नाही, तर ते विहिरीतून काढणं, शुद्ध करणं आणि पंपावर आणणं यातलाही वाटा धरायचा. म्हणजे तुमचे ३६ किलो प्रत्यक्षात त्याहून जास्त आहेत.

त्यातला एक नियम मुंबईसाठी फार मोलाचा वाटतो. टन-किलोमीटर काढताना गाडी प्रत्यक्षात किती फिरली ते अंतर घ्यायचं नाही. दोन ठिकाणांमधलं शक्य तितकं जवळचं अंतर, किंवा नकाशावरचं सरळ अंतर घ्यायचं. कारण उघड आहे. समजा नो एन्ट्रीमुळे किंवा टोल वाचवायला गाडी १५ किलोमीटर वळसा घालून गेली. प्रत्यक्ष अंतराने भागलं तर वळशाचे किलोमीटर भाजकातही वाढतात आणि आकडा जसाच्या तसा चांगला दिसतो, हवेत मात्र जास्त धूर गेलेला असतो. माल मालाडला पोहोचला एवढंच काम झालं. वळसा म्हणजे काम नव्हे.

बारा_टायर

ताई, हे अटल सेतूला तंतोतंत लागू पडतं. २०२४ च्या जानेवारीत सुरू झाला तेव्हा आम्हाला वाटलं शिवडीच्या बाजूची कामं सोपी होतील. २१.८ किलोमीटरचा पूल, वाशीला वळसा घालायची गरज नाही, वीसेक किलोमीटर वाचतात. दोन अॅक्सलच्या ट्रकला तेव्हा एका बाजूचा टोल ८३० रुपये होता. वीस किलोमीटर वाचले तर अशा ट्रकचं डिझेल वाचतं पाचेक लिटर, साडेचारशे रुपयांच्या घरात. भाडं घासाघीस करून ठरलेलं असतं, पदरचे पावणेचारशे घालून कोण जाणार? म्हणून कित्येक जण अजून वाशीवरून येतात. किलोमीटरने मोजलंत तर ते ‘कार्यक्षम’ ठरतील. तुमच्या नियमाने खरं चित्र दिसेल.

काटापावती

मी काट्यावर काम करतो म्हणून एक धोका सांगतो. टनामागे लिटर हा आकडा चांगला दिसावा म्हणून सगळ्यात सोपा उपाय कोणता? ओव्हरलोड. चार टन पासिंगच्या, म्हणजे तेवढंच वजन मंजूर असलेल्या, गाडीत साडेपाच टन भरा, टनामागचं डिझेल लगेच उतरतं. बक्षीस या आकड्यावर लावलंत तर पहिल्याच महिन्यात हे होईल.

रस्त्याची किंमत त्या आकड्यात येत नाही. अमेरिकेत इलिनॉयमध्ये १९५८ ते १९६० दरम्यान मुद्दाम रस्ते बांधून त्यावर ट्रक फिरवून चाचणी घेतली होती. त्यातून जो ठोकताळा निघाला तो आजही रस्ते बांधणारे वापरतात: अॅक्सलवरचं वजन वाढलं की रस्त्याचं नुकसान साधारण त्याच्या चौथ्या घाताने वाढतं. २० टक्के जास्त वजन म्हणजे दुपटीहून जास्त नुकसान. मग तो रस्ता उखडतो, खड्ड्यांत मागच्या शंभर गाड्या पहिल्या गिअरमध्ये जातात, त्यांचा धूर वेगळाच. पावसाळ्यात घोडबंदरला हे रोज बघतो.

माझी सूचना: पासिंगच्या वर भरलेला माल टनात धरायचाच नाही. त्याला डिझेल मात्र धरायचं. मग ओव्हरलोडचा फायदा कागदावरही राहत नाही.

गायमुखकर

काटापावती, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. वहीत आजपासून वजनाशेजारी पासिंगचा आकडा लिहितो.

जुना_वाहक

मी बेस्टमधून निवृत्त वाहक. मालाची वाहतूक मला कळत नाही, पण रिकाम्या फेरीचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्याकडे त्याला डेड किलोमीटर म्हणत. डेपोतून बस निघून पहिल्या थांब्यापर्यंत जाते, रात्री शेवटच्या थांब्यावरून डेपोत येते, त्यात एकही प्रवासी नसतो. डेपो दूर असेल तर हे किलोमीटर वाढतात. शेड्यूल लावणारा चांगला असेल तर कमी होतात. मी पंचवीस वर्षांत दोन्ही प्रकारचे पाहिले.

आणि वेबिल! प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला आणि शेवटी तिकिटांचे नंबर आम्ही वेबिलात लिहायचो. पैशांच्या हिशोबासाठी लिहायचो, पण तीच प्रवाशांची नोंद होती. कुठल्या टप्प्यात गाडी भरलेली, कुठे चार माणसं, सगळं त्यात होतं. पहिली बस १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट धावली. तेव्हापासूनच्या हिशोबात माणसं मोजणं आहेच. धूर मोजणं नंतर आलं.

मधुराताई, बसमधल्या माणसामागे किती आणि मोटारीतल्या माणसामागे किती, हे सांगाल का?

मधुरा_भांडुप

काका, सांगते. आकडे साधारण धरते, हिशोबाची रीत बघा. डिझेलची एसी बस लिटरला ३ किलोमीटर धरली तर किलोमीटरला जवळपास ९०० ग्रॅम. सरासरी ४० माणसं असतील तर माणशी २२ ग्रॅम. पेट्रोलच्या मोटारीचं शहरातलं एव्हरेज १२ धरलं, पेट्रोलच्या लिटरमागे २.३ किलो, आणि मोटारीत सरासरी दीड माणूस, तर माणशी १२८ ग्रॅम. सहापट. पण त्याच बसमध्ये सातच माणसं असतील तर माणशी आकडा मोटारीएवढाच होतो. म्हणून बस किती भरलेली धावते यालाच सगळी किंमत आहे, आणि तुमचे डेड किलोमीटर त्यात मिळवलेच पाहिजेत.

इलेक्ट्रिक बसबद्दल नेहमी विचारलं जातं म्हणून इथेच लिहिते. बारा मीटरची एसी बस किलोमीटरला सव्वा युनिटच्या आसपास वीज घेते. देशाच्या ग्रिडमधली वीज युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड सोडते. म्हणजे पुन्हा ९०० ग्रॅमच्या जवळपास! विहिरीपासूनचा हिशोब धरला की डिझेलचा आकडा वर जातो आणि इलेक्ट्रिक थोडी सरस ठरते, ग्रिडमध्ये सौर-पवन वाढेल तसा हा फरकही वाढेल. पण आजचा मोठा फायदा कार्बनचा नाही, फुप्फुसांचा आहे. थांब्यावर उभ्या माणसाच्या तोंडावर धूर येत नाही. मात्र वीज कुठून येते तेही विसरायचं नाही. ट्रॉम्बेचं औष्णिक केंद्र माहुलच्या शेजारी, म्हणजे शहरातच आहे. थांब्यावरचा धूर गेला म्हणून माहुलच्या माणसाला विसरून चालणार नाही.

कासारवडवली_तिसरा_मजला

मी घोडबंदर रोडला लागून राहते. तुमचे टन-किलोमीटर वाचले. माझ्याकडेही एक मोजमाप आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीचा कट्टा रोज सकाळी ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसते. दिवाळीनंतर फडकं काळं होतं, अगदी काजळीसारखं, बोटाला तेलकट लागतं. उन्हाळ्यात तेच फडकं करडं, मातीसारखं. पावसाळ्यात जवळपास स्वच्छ. सासूबाईंना दमा आहे. त्यांचा पंप कधी जास्त लागतो ते मी कॅलेंडरवर खूण करून ठेवते आणि त्या खुणा काळ्या फडक्याच्या दिवसांतच दाट असतात.

अवजड गाड्या रात्री सोडल्या की दिवसा रस्ता मोकळा, हे मलाही कळतं. पण मग रात्री दोन वाजता चढावर ट्रेलर गिअर बदलतो तेव्हा खिडकीची काच थरथरते. मुलगा दचकून उठतो. रहिवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, दिवसाची ५५. आमच्याकडे फोनवर मोजलं तर कधीच इतकं खाली येत नाही. हे तुमच्या वहीत कुठे लिहिणार?

मधुरा_भांडुप

ताई, तुमच्या फडक्याने मोजणीतली सगळ्यात मोठी चूक दाखवली आहे. कार्बन डायऑक्साइड कुठेही, कधीही सोडला तरी परिणाम एकच. काजळी आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांचं तसं नाही. ते कुठे आणि किती वाजता सोडले यावर सगळं ठरतं. हिवाळ्यात रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन बसते, वरची हवा झाकणासारखी राहते, वारा पडलेला असतो. मे महिन्यात दुपारी समुद्रावरचा वारा तोच धूर उडवून नेतो. म्हणजे जानेवारीतल्या रात्री दोनचा एक ग्रॅम आणि मेमधल्या दुपारी तीनचा एक ग्रॅम, तुमच्या सासूबाईंसाठी सारखे नाहीत. गाड्या रात्री सोडल्याने डिझेल वाचतं, हे खरं. तोच निर्णय तुमच्या खिडकीवर ओझं टाकतो, हेही तितकंच खरं. दोन्ही वेगवेगळ्या रकान्यांत लिहावं लागेल, एकात मिसळलं तर एक दुसऱ्याला झाकतं.

डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातलंय. म्हणून हा नुसता त्रासाचा प्रश्न राहत नाही.

आता गाडीच्या बाजूने. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बीएस ६ (भारत स्टेज ६) या प्रदूषण मानकाच्या आहेत, इंधनात गंधक दहा लाखांत १० भाग, आधी ५० होतं. काजळी गाळायला फिल्टर आणि नायट्रोजनचे ऑक्साइड कमी करायला युरियाची टाकी आली. पण युरियाची ती यंत्रणा नीट चालायला सायलेन्सरमधला धूर पुरेसा गरम लागतो, २०० अंशांच्या वर. हायवेवर पळणाऱ्या गाडीत तो असतो. गायमुखला तासभर रांगत जाणाऱ्या गाडीत तो थंड होतो आणि नायट्रोजनचे ऑक्साइड जवळपास तसेच बाहेर पडतात. कागदावर बीएस ६, कोंडीत मात्र जुन्या गाडीच्या जवळ. आणि पीयूसीला हे कळतच नाही. डिझेल गाडीची पीयूसी म्हणजे उभ्या, रिकाम्या गाडीत रेस देऊन धुराचा काळेपणा बघणं. त्यात नायट्रोजनचे ऑक्साइड मोजले जात नाहीत, मालाचं वजन नाही, चढ नाही.

बारा_टायर

माझ्या नव्या ट्रेलरला फिल्टरचा दिवा सारखा लागतो तो यामुळेच असणार. सर्व्हिसवाला म्हणाला एकदा एक्सप्रेसवेवर मोकळी पळवून आणा. यार्ड ते गोदाम करणाऱ्या गाडीला मोकळं पळायला मिळणार कुठे?

पण आता मनातली भीतीही सांगतो. आमच्यातले बहुतेक जण एक ते पाच गाड्यांचे मालक. हप्ता, टायर, विमा, ड्रायव्हरचा पगार. उद्या मोठ्या कंपन्या म्हणतील, तुमच्या टनामागे इतके ग्रॅम आले, भाडं कापतो. लाइनीत सहा तास उभं त्यांनीच ठेवलं, येताना भाडं त्यांनीच दिलं नाही, आणि आकडा मात्र माझ्या गाडीच्या नंबरवर. असं होणार असेल तर मला ही मोजणी नको.

सुप्रिया_ऐरोली

बारा_टायर, माझे वडील माथाडी होते. १९६९ चा माथाडी कायदा यायच्या आधी कोणी किती गोणी उचलल्या याची नोंद मुकादम ठेवायचा, आणि त्याचाच शब्द चालायचा. बाबा सांगायचे, माथाडी मंडळाकडे नोंद गेल्यावर पहिल्यांदा आपली मजुरी आपल्याला दिसली. वही कुणाच्या हातात आहे याने फरक पडतो. तुमच्या वहीत थांबण्याची वेळ, जागेचं नाव आणि तुमची सही असू द्या. म्हणजे भाडं कापायला आलेल्याच्या समोर तुम्हालाही काही ठेवता येईल.

जुना_वाहक

अगदी बरोबर. वेबिलावर वाहकाची सही असायची, बस सोडणाऱ्या स्टार्टरचीही असायची. बस उशिरा सुटली तर कारण तिथेच लिहायचं. नुसता उशीर लिहिला तर दोष आमचा. ‘सायनला कोंडी, २२ मिनिटं’ लिहिलं की कोणी काही बोलत नसे.

गायमुखकर

सगळ्यांचे मनापासून आभार. वही नव्याने आखली. उभं राहण्याच्या रकान्याचे दोन केले: रस्त्यातली कोंडी, आणि माल भरणाऱ्या-उतरवणाऱ्याने थांबवलं तो वेळ, जागेच्या नावासकट. दुसऱ्या रकान्यात जिथे थांबलो तिथल्या माणसाची सही. अंतर नकाशावरचं जवळचं. वजन पासिंगच्या आत असेल तेवढंच. परतीचा माल वेगळा. आणि कासारवडवलीच्या ताईंसाठी एक रकाना: रात्री अकरा ते पहाटे पाचमध्ये वस्तीतून गेलेले किलोमीटर. त्याचं पुढे काय करायचं ते अजून ठरलं नाही, पण लिहायला सुरुवात केली.

मालकांशी बोललो. पुढच्या महिन्यापासून एव्हरेजवरचं बक्षीस बंद. त्याऐवजी परतीचा माल आणला तर त्या भाड्यात ड्रायव्हरला वाटा. थोरल्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, मालाडला दुपारी उतरवून मी तासभर जागाच शोधतो, परतीचा माल भरू कुठे? तेही खरं आहे. दुकानासमोर पाच मिनिटं गाडी लावायला मिळत नाही तिथे भरणं-उतरवणं करायचं कुठे, हा प्रश्न आमच्या आवाक्याबाहेरचा आहे. तरी दोन दुकानदारांनी सकाळी सातच्या आधी शटर उघडायची तयारी दाखवली आहे.

कासारवडवली_तिसरा_मजला

धन्यवाद. मीपण आजपासून फडक्याचा रंग आणि तारीख लिहून ठेवते. महिन्याच्या शेवटी तुमच्या रात्रीच्या किलोमीटरशेजारी मांडून बघूया का?

गायमुखकर

नक्की. तुम्ही तारखा पाठवा, मी पानांचे फोटो पाठवतो.

बारा_टायर

पहिलं पान टाकतोय. मंगळवार रात्र. न्हावाशेवा ते भिवंडीतलं पूर्णा, डबा २१.४ टन, पासिंगच्या आत. कोंडी: मुंब्रा बायपास ५५ मिनिटं. थांबवलं: यार्ड गेट ४ तास १० मिनिटं. सही मागितली तर गेटवरचा म्हणाला असं कधी करत नाही. मग लाइनीतल्या माझ्या पुढच्या आणि मागच्या ड्रायव्हरने सही केली, गाडी नंबर टाकून.